दोन बोटं माया

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी शाळेने पालकसभा ठेवली, आणि तीही दुपारी दोनला. लालबागेत एप्रिलात दुपारी दोनला शहाणा माणूस दाराबाहेर पाऊल टाकत नाही. डंकांच्या यंत्रांवर वर्षाचा मसाला कुटत असतात, मिरचीचा खकाणा गल्लीभर उडतो, नाक गळतं, डोळे चुरचुरतात. पण जो पालक येणार नाही त्याच्या पोराचा निकाल राखून ठेवू, असा निरोप होता. म्हणजे बोलावणं कसलं, समन्सच ते.

उर्मिला शिवणावरून तशीच उठली. पदर नाकाला, बोटांना खडूची पूड, गळ्यात टेप. टेप काढून ठेवायचं तिला सुचलंही नाही. बावीस वर्षं तो गळ्यात होता. ती आणि तिचा नवरा जयवंत चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत मशीन मांडून शाळेचे गणवेश शिवत. जयवंत बेतायचा, ती शिवायची. गल्लीतल्या त्या माध्यमिक शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत जे पोर दिसेल त्याच्या अंगावरचा निळा कपडा ह्या दोघांच्या हातचा. त्यांची एकुलती एक मुलगी कादंबरीही तिथेच शिकत होती, जूनपासून नववीत जायची होती.

नवा गणवेश येणार, तो तयार येणार, ही कुणकुण दोघांना लागलेली होती. निघताना जयवंतने हातातली कात्री खाली न ठेवताच त्याच्या मालवणीत सांगितलं, "थंय जाऊन गप रव. काम गेला तर जावंदे. चेडवाचा वरीस जाऊक नको." पोरीचं वर्ष वाचलं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं.

शाळेचा हॉल म्हणजे तळमजल्यावरची लांबट खोली. एका टोकाला व्यासपीठ, दुसऱ्या टोकाला मुलींची मुतारी. मुतारीच्या दाराला दोन वर्षं कडी नव्हती. एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून दार धरायचं, असा पोरींनी आपसात कायदाच केलेला होता. त्या दिवशी फिनेल ओतलं होतं, पण फिनेलने वास जात नाही, त्याला नुसता सोबती मिळतो. दीडशे आयाबाप घामेजून बसले होते आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात 'शाळा सुधार' असं लिहून आलं होतं.

सुमेधा मॅडम वर्षभरापूर्वी मुख्याध्यापिका म्हणून आल्या होत्या, शिवाजी पार्ककडच्या. बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ. त्यांनी सांगितलं की आपली शाळा आता मागे राहणार नाही. एका कंपनीच्या मदतीने प्रत्येक वर्गात डिजिटल फळा येणार, आणि मुलांचा आत्मविश्वास वाढावा म्हणून गणवेश बदलणार. पडद्यावर चार मुलं आली, करडा कुर्ता, करडं जॅकेट, काळी पँट. कुठल्या मुलखातली होती देव जाणे. एकाही पोराच्या कपाळाला घाम नव्हता. मॅडमच्या शेजारी गणवेशवाल्याचा माणूस उभा होता, अमित नावाचा, गळ्यात टाय. तो म्हणाला की मापं घ्यायची कटकटच नाही. इयत्तेप्रमाणे साइज ठरलेली आहे. नववी म्हणजे नववीची साइज.

हे ऐकलं आणि उर्मिलेचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला. काम गेल्याचं दुःख वेगळं, ते तिने महिनाभर आधीच गिळलं होतं. पण इयत्तेप्रमाणे साइज? म्हणजे अंग काय तुकडीप्रमाणे वाढतं? गप रव, गप रव, असं स्वतःला बजावत ती बसून होती, आणि शेवटी उभी राहिलीच.

"मॅडम, कपड्यात माया किती सोडलीय?"

शिंपी शिवणीच्या आत जो जादा कपडा राखून ठेवतो त्याला माया म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवायची, माया बाहेर काढायची, पुन्हा टीप मारायची. जयवंतचा नेमच होता, वाढत्या अंगाला बाजूच्या शिवणीत दोन बोटं माया आणि खाली घेरात चार. मे महिन्यात अख्खी चाळ कपडे मोकळे करून घ्यायला गॅलरीत यायची. आतली माया उन्हापाण्याला लागलेली नसे, म्हणून ती बाहेर आली की विटलेल्या निळ्यावर गडद पट्टा दिसायचा. पट्टे बघून उर्मिला सांगायची, हे पोर आठवीत वाढलं, हे नववीत.

सुमेधा मॅडमनी प्रश्न ऐकला आणि त्यांचा चेहरा उजळला. हात छातीवर ठेवून त्या माइकमध्ये म्हणाल्या, "उर्मिलाताई, फार सुंदर प्रश्न विचारलात. माया भरपूर आहे. आम्ही सगळे शिक्षक इथे मायेपोटीच तर उभे आहोत."

टाळ्या पडल्या. अमितने पडद्याजवळून दोन्ही हात वर करून वाजवल्या. ज्या बायकांना शब्द ठाऊक होता त्या आधी पदराआड हसल्या, मग इतर वाजवतायत म्हणून त्यांनीही वाजवल्या. उर्मिला 'शिवणीतली म्हणते मी' असं म्हणेस्तोवर माइक पुढे गेला होता. ती खाली बसली. कानशिलं तापली होती आणि मुतारीचा वास थेट टाळूला जाऊन चिकटला होता.

घरी येऊन तिने जयवंतला सांगितलं. तो आधी खदखदून हसला, हसता हसता त्याला ठसका लागला. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या निळ्या ताग्याकडे गेली आणि त्याने तो पायाने भिंतीकडे सारला. तागा नंतर गल्लीतल्या फोटोफ्रेमच्या दुकानवाल्याला मागे पडदा म्हणून दिला. मे महिना दोघांनी उशांचे अभ्रे, साड्यांचे फॉल, मसाल्याच्या पिशव्या शिवून काढला. जाड कापडावर सुया मोडत होत्या. जयवंतच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा होता, त्यावर पिशव्यांच्या कापडाने भेग पडली, आणि तीत गल्लीतली मिरची जायची.

जूनमध्ये गणवेश आले. कादंबरीने पिशवी फोडली तशी खोलीत रॉकेलसारखा वास सुटला. कापड झुळझुळीत, हात लावला की अंगावर लव उभी राहील असं. कादंबरी अंगाने तिच्या आजीवर गेलेली, उंच, रुंद खांद्यांची. तिने कुर्ता डोक्यातून घातला, हात बाह्यांत कोंबले आणि तशीच उभी राहिली. खाली सोडले तर काख काचत होती, वर उचलले तर पाठ ताणत होती. वर जॅकेट चढवायचं तिने नावही काढलं नाही. उर्मिलेने कुर्ता उतरवला, उलटा केला आणि शिवण बोटांत धरली. कपडा कापत कापतच टीप मारणाऱ्या मशीनने तो शिवलेला होता. शिवणीच्या आत अर्धं बोटसुद्धा नव्हतं.

"ह्येच्यात कायच नाय," जयवंत म्हणाला आणि हात पायजम्याला पुसले.

आता कादंबरीचं सांगायचं तर, त्या पोरीचा जीव पेटीत. सातवीपासून शाळेची रोजची प्रार्थना तीच वाजवायची. शाळेची पेटी जुनी, भाता फाटका, डाव्या हाताने जोर काढून ओढावा लागे. घरी पेटी नव्हती म्हणून ती उर्मिलेच्या मशीनच्या फळीवर बोटं चालवून सराव करायची. आईने सुई थांबवली तरच फळी मोकळी मिळायची, त्यामुळे मायलेकींची रोज त्यावरून बाचाबाची.

शाळा उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने भाता ओढला आणि काखेपासून कमरेपर्यंत शिवण टर्रकन गेली. समोर चारशे पोरं उभी. आधी पहिल्या रांगेतला एक हसला, मग रांगाच्या रांगा हसल्या. प्रार्थना अर्धी राहिली. कादंबरी कोपर अंगाशी घट्ट दाबून वर्गात गेली आणि दिवसभर तशीच बसली, मधल्या सुट्टीत डबाही उघडला नाही. घरी आल्यावर बघतात तर कोपरापासून हात सुजलेला.

दुसऱ्या दिवशी उर्मिला शाळेत गेली. फाटकावर नवा कोरा फलक लागला होता, फुगे नि फुलपाखरं काढलेला: 'येथे शिक्षणासोबत माया मिळते.' तिने तो दोनदा वाचला. आपल्याच तोंडचा शब्द, आणि कुठे नेऊन टांगला होता मेल्यांनी! तिला वाटलं, तिथेच थुंकावं. पण पोरगी शाळेत होती, म्हणून गिळलं.

मॅडम गोड बोलल्या. साइज बदलून मिळेल, पण पुढचा माल दिवाळीनंतर. तोवर थोडं सैल करून घ्यावं, उर्मिलाताई स्वतःच टेलर आहेत ना? उर्मिलेने टेबलावर कुर्ता उलटा करून दाखवला, ह्यात सैल करायला माया नाही हे समजावलं. मॅडमनी शिवणीकडे पाहिलंच नाही. त्या म्हणाल्या की बदल होताना थोडा त्रास होतोच, आणि तुमचा धंदा गेल्याचा राग मी समजू शकते. पुस्तकी मराठीत केलेला अपमान पुसताही येत नाही. उर्मिला कुर्त्याची घडी घालून परत आली.

जुलैच्या पहिल्या बुधवारी पालकांच्या ग्रुपवर मेसेज पडला. शनिवारी डिजिटल फळ्यांचं उद्घाटन आहे, कंपनीचे पाहुणे येणार आहेत. 'ज्या विद्यार्थ्यांना गणवेशाचा साइज इश्यू आहे त्यांनी त्या दिवशी घरून अभ्यास करावा.' खाली नावं होती, चौदा. कबड्डीतले पाच मुलगे आणि नऊ मुली. सहाव्या क्रमांकावर कादंबरी. प्रार्थना स्पीकरवर लावण्यात येईल, असंही होतं.

कादंबरीने मेसेज वाचला, फोन उपडा ठेवला आणि भाकरी खायला बसली. अर्ध्या भाकरीवरच ती उठली. उर्मिलेने ताटाकडे पाहिलं तेव्हा पोरगी मोरीत हात धूत होती. पाठमोरीच तिने विचारलं, "मी जाड आहे का गं?"

उर्मिला मोरीकडे वळली, तोच गॅलरीतून जयवंत बोलला, आणि बोलला तो मालवणी सोडून, मुलीला नीट कळावं म्हणून. "अंगाने कपड्यासारखं व्हायचं नसतं बाय. कपड्याने अंगासारखं व्हायचं असतं. एवढंही ज्याला कळत नाही त्याने सुई धरू नये." तो एवढा सलग बोललेला उर्मिलेने कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

पण बोलून कपडा मोठा होत नाही. करडं कापड आणून काखेत कळी, म्हणजे जोडतुकडा, घालावी तर तसलं रॉकेली कापड बाजारात सुटं मिळेना. गुरुवारी उर्मिला पुन्हा शाळेत गेली, त्या चौदा नावांचं काहीतरी करा असं विनवायला. मॅडम नव्हत्या. मागच्या चौकात बाबुराव शिपाई स्टुलावर बसून फडकी फाडत होता.

बाबुराव निवृत्तीला आलेला माणूस, तोंडाने फटकळ. समोर निळ्या कपड्यांचा ढीग. जूनमध्ये शाळेने जुने गणवेश गोळा केले होते, गरीब मुलांना देणार म्हणून. बायकांनी धुऊन, इस्त्री करून, वर घडीत नावाची चिठ्ठी घालून दिले होते. बाबुराव एक एक कपडा घ्यायचा, कात्रीने चीर द्यायचा आणि फाडायचा. नव्या फळ्यांवर बोटांचे डाग पडतात, ते पुसायला. आणि उरलेले मुतारीत, लादी पुसायला.

"गरीब मुलांना देणार होते ना?" उर्मिलेने विचारलं.

बाबुराव म्हणाला की गरीब मुलं म्हणजे हीच, आणि ह्यांना आता नवा गणवेश आहे. मग देणार कुणाला?

उर्मिलेने मुतारीकडे पाहिलं. उंबऱ्यात एक फडकं पडलं होतं, काळं, लिबलिबीत, त्याच्यावर पाय पुसून पोरी आत जात होत्या. फडक्याला कॉलर होती. कॉलरची टोकं ती दोनदा टाचायची, तशी टाचलेली. भिंतीला धरून ती उभी राहिली. बावीस वर्षं कॉलरी टाचल्या त्या ह्यासाठी का? धंदा गेला, गेला. पण माणसाच्या हातच्या कामावर पाय पुसायचे, आणि फाटकावर मायेचा फलक लावायचा? शिसारी आली तिला, मॅडमची, त्या टायवाल्याची, आणि टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांची. टाळ्या पडताना आपण खाली बसलो, म्हणून स्वतःचीही.

मग तिचं लक्ष ढिगातल्या एका कमीजकडे गेलं. बाबुराव ती फाडत होता आणि ती फाटत नव्हती. बाजूच्या शिवणीवर येऊन अडत होती, कारण तिथे दोन बोटं माया होती, दुहेरी कापड.

तिने ती कमीज त्याच्या हातातून घेतली. उलटी केली. वरचं कापड आभाळासारखं विटलेलं, आतली माया गडद निळी, नव्यासारखी. तिने बाबुरावकडे पाहिलं. बाबुराव म्हणाला, "हे सगळं फाडून संपलं असं मी लिहून देतो. तुम्ही बघत बसू नका, उचला."

गाठोडं डोक्यावर घेऊन ती जिने चढली. जयवंतने एक कमीज हातात घेतली, आतून अंगठा फिरवला आणि कात्रीला तेल घातलं.

शुक्रवारी पहाटेपासून कामाला लागले. चौदा घरांत निरोप गेले, आया कुर्ते घेऊन आल्या. एकीने विचारलं, मॅडम रागावल्या तर? उर्मिला म्हणाली, तर कुर्ता घेऊन परत जा. ती गेली नाही. जयवंत जुन्या कपड्यांच्या शिवणी ब्लेडने उसवायचा, आतली माया सोडवून पाण्याचा हात लावून इस्त्री मारायचा. दोन बोटांच्या त्या चिंचोळ्या पट्ट्या, दोन-दोन जोडल्या की चार बोटांची कळी व्हायची. काखेत चौकटीची कळी, तिच्याखाली कमरेपर्यंत लांब पट्टी, दोन्ही बाजूंना. पोरं एकेक करून गॅलरीत येऊन उभी राहायची. उर्मिला टेप टाकायची आणि प्रत्येकाला हात वर करायला लावायची, पुढे घ्यायला लावायची, भाता ओढतो तसा ओढायला लावायची. कबड्डीतला एक दांडगा मुलगा लाजून हात वर करीना. तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला, तेव्हा केला.

करडं कापड सुईखालून सरकायचं, टीप सुरकुतायची. दुपारी उर्मिलेच्या कमरेने राम म्हटला. ती फरशीवर आडवी झाली आणि कादंबरीने मशीन चालवलं. पोरीची टीप वाकडी गेली, उर्मिलेने उसवायला लावली, पुन्हा घालायला लावली. दिवेलागणीला चौदावा कुर्ता दोरीवर गेला. करड्याच्या दोन्ही अंगांना गडद निळे पट्टे. लपवायची सोयच नव्हती, आणि उर्मिलेला लपवायचंही नव्हतं. नव्या जोडातही तिने आत दोन बोटं सोडली होती.

शनिवारी ती चौदा मुलांबरोबर फाटकापर्यंत गेली. गळ्यात टेप होताच. सुमेधा मॅडम हातात पुष्पगुच्छ घेऊन फलकाखाली उभ्या होत्या. मुलांकडे बघून त्यांचा रंग उतरला. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या की हे काय ठिगळकाम करून आणलंत, मुलांना ताबडतोब घरी न्या, लाज आणाल शाळेला. कादंबरीने मान खाली घातली. उर्मिला बोलायला तोंड उघडते, तोच मागे गाडी थांबली.

कंपनीच्या पाहुणीबाई उतरल्या. पुष्पगुच्छ घेता घेता त्यांची नजर कादंबरीच्या पट्ट्यावर गेली. त्यांनी चष्मा वर केला आणि इंग्रजीत कौतुक केलं. दोन रंग, किती वेगळं, किती छान, कुणाचं डिझाइन?

सुमेधा मॅडम एक क्षण थांबल्या. एकच. मग हसून म्हणाल्या, "आमचीच कल्पना. हे आमचे लीडर विद्यार्थी आहेत."

उर्मिलेच्या अंगावरून पाल गेल्यासारखं झालं. पण चौदा पोरं फाटकाच्या आत होती. तिने दात आवळले आणि बाहेरच राहिली. जाळीतून हॉल दिसत होता. स्पीकर लावलेला होता, पण बाबुरावने पेटीही नेऊन मांडली होती, सवयीने म्हणा नाहीतर मुद्दाम. कादंबरी सरळ जाऊन पेटीवर बसली. डावा हात मागे गेला, भाता उघडला, कळी ताणली गेली आणि परत आली. काही टर्र झालं नाही. चारशे पोरांनी सूर उचलला. त्या वेळी मात्र उर्मिलेने डोळ्यांना पदर लावला, आणि कुणी पाहू नये म्हणून मिरचीच्या नावाने शिव्या घातल्या, भर जुलैत.

सोमवारी पेटीला कुलूप लागलं. स्पीकरवरची प्रार्थना जास्त शिस्तीची वाटते, असं मॅडमनी वर्गात सांगितलं. कादंबरी घरी येऊन मशीनच्या फळीवर बोटं आपटत बसली आणि उर्मिलेने तिला उठवलं नाही.

पंधरा दिवसांनी उर्मिलेला बोलावणं आलं. निरोपातच सगळं होतं. दोन रंगांचा गणवेश पाहुण्यांना आवडल्यामुळे पुढच्या वर्षी सगळ्या शाळेला तसाच येणार. नमुना तयार आहे, उर्मिलाताईंनी येऊन तो बघावा आणि हातात धरून एक फोटो द्यावा. पालकांचा त्यांच्यावर विश्वास आहे. आणि हो, कादंबरीच्या पेटीचाही मग विचार करता येईल.

उर्मिला चपला घालू लागली तशी कादंबरी म्हणाली, "आई, पेटीसाठी फोटो देऊ नकोस. मला फळीवर वाजवता येतं." जयवंतने कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड तिच्या पिशवीत टाकलं, ती कुणाकडे उसवणीच्या कामाला निघाली की टाकायचा तसं.

ऑफिसात पंखा नवा होता. अमित टाय लावून बसला होता. त्याने पुठ्ठ्याच्या खोक्यातून नमुना काढून टेबलावर पसरला. करडा कुर्ता, दोन्ही बाजूंना निळा पट्टा, अगदी तसाच. उर्मिलेने पट्ट्यावर बोट फिरवलं. पट्टा वरून छापलेला होता. तिने कुर्ता उलटा केला, शिवण चिमटीत धरली. आत अर्धं बोटसुद्धा नव्हतं.

"आणि माया?" तिने विचारलं.

अमित खूश झाला. त्याने कुर्ता तिच्या हातातून घेतला, पुन्हा सुलटा केला आणि खिशावर बोट ठेवलं. "ही काय ताई. मॅडमनी खास घालून घेतलीय."

खिशावर शाळेचं चिन्ह होतं आणि त्याच्याखाली पिवळ्या दोऱ्यात तीन शब्द: विद्या, विनय, माया.

सुमेधा मॅडम प्रसन्न हसत होत्या. "तुमचाच शब्द," त्या म्हणाल्या. "आता झालं ना समाधान? या, इकडे उजेडात उभ्या राहा." अमितने फोन वर धरला.

उर्मिला खुर्ची ओढून बसली. तिने पिशवीतून कागद काढला, कागदातून ब्लेड काढलं आणि खिसा डाव्या तळव्यावर ताणून धरला. तिसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर पाठीमागून कापलं, दोरा वर ओढून घेतला. मग दुसरं. कापडाला ओरखडासुद्धा लागू दिला नाही. मॅडम काहीतरी म्हणत होत्या, अमितने फोन खाली घेतला होता. शिवणारी बाई हातचं काम अर्धं टाकत नाही. दोन्ही कान्यांसकट शब्द निघाला, तेव्हा तिने कुर्ता झटकून टेबलावर ठेवला.

"बाकीचे दोन आहेत की नाहीत ते मला ठाऊक नाही मॅडम," ती म्हणाली. "हा नाहीये. हा मी उलटा करून बघितलाय."

टेबलावरचे पिवळे दोरे तिने तळहातात गोळा केले, कचरा मागे ठेवायची तिला सवय नव्हती. बाहेर पडताना मागून 'तुमच्या मुलीचा तरी विचार करा' असं ऐकू आलं. पेटी गेली ती गेलीच, हे तिला कळलं. तरी ती मागे वळली नाही.

हॉलच्या टोकाला पाचवीतली एक चिमुरडी मांडीला मांडी आवळून उभी होती. मधली सुट्टी संपली होती, मैत्रिणी वर्गात गेल्या होत्या. मुतारीच्या दाराला अजून कडी नव्हती. उंबऱ्यातलं फडकं बदललं होतं, तेही निळंच होतं.

"काकी, जरा दार धराल?" पोरीने विचारलं.

आतला वास भसकन अंगावर आला. उर्मिलेने पदर नाकाला लावला आणि दुसऱ्या हाताने दार धरून, पोरगी बाहेर येईपर्यंत, तशीच उभी राहिली.